सायक्लोस्टाईलवरचा ऑगस्ट : कामाच्या नोंदी

१५ जून २०२५, रविवार

वाचनालयाचा माळा साफ करताना आज लाकडी पेटी सापडली. वरच्या झाकणाला बिजागरी, आत चौकट, चौकटीत फाटलेलं रेशमी कापड आणि खाली लाकडी मुठीचा रबरी रूळ. आमच्यातल्या निम्म्या लोकांना ही काय वस्तू आहे ते कळेना. निवृत्त मुख्याध्यापकांनी झाकण उघडलं, वास घेतला आणि म्हणाले, "सायक्लोस्टाईल. हाताचं. यावर मी वीस वर्षं प्रश्नपत्रिका काढल्यात."

हे प्रती काढायचं यंत्र बेचाळीस सालचं आहे असा कुणाचाही दावा नाही, मीही करणार नाही. पण जात तीच. ९ ऑगस्ट १९४२ नंतर काँग्रेसची बुलेटिनं अशाच पेट्यांवर निघत होती.

तिथेच ठरलं. येत्या क्रांतिदिनाला तक्ते आणि फोटो लावायचे नाहीत. हे यंत्र चालू करायचं, त्यावर एक पानाचं बुलेटिन छापायचं आणि शेजारच्या तीन गावांत पायी आणि सायकलवरून पोचवायचं. आठ आठवडे हातात आहेत. वही माझ्याकडे.

२२ जून

पेटी पूर्ण खोलली. बिजागऱ्या गंजल्यात, पण सुटल्या. चौकट शाबूत आहे. रेशमी कापड गेलंय. गावात लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे स्क्रीन प्रिंटिंगची जाळी मिळाली, ती ताणून बसवली. रुळाचं रबर दगडासारखं झालंय आणि त्याला उभ्या भेगा आहेत. कोल्हापुरात छापखान्याच्या रुळांवर नवं रबर चढवून देणारे एक कारागीर आहेत, त्यांच्याकडे पाठवला. दहा दिवस लागतील म्हणाले.

२८ जून

खरी अडचण स्टेन्सिलची, म्हणजे अक्षरं कोरायच्या मेणकागदाची. बाजारात कुणाला शब्दच माहीत नाही. शेवटी कोर्टासमोर पूर्वी टायपिंग करणारे एक काका भेटले. त्यांच्या कपाटात एक डबा होता, चोवीस स्टेन्सिलांचा. पैसे घ्यायला तयार नव्हते. पंधरांचं मेण तडकलंय, उजेडात धरलं की जाळं दिसतं. नऊ चालतील. लोखंडी लेखणी आणि खाली धरायचा कानशीसारखा बारीक रेघांचा पोलादी पत्राही त्यांनीच दिला.

मी विचारलं, टाइप करूनच का नको, अक्षर स्वच्छ येईल. काका म्हणाले, "रात्री दोन वाजता टाइपरायटर वाजवून बघा, गल्ली जागी होते." मग आपल्या डोक्यात आपोआप येतं : लपून काम करणाऱ्या माणसाला हाताने लिहिणंच सोयीचं. लेखणी मेणावर फक्त कुरकुरते.

६ जुलै, आषाढी एकादशी

आज मजकुरावर बसलो. साडेतीन तास. पोरांना उपासाची खिचडी होती म्हणून बसली तरी.

फुलस्केप कागदावर हाताने लिहून अठ्ठावीस ओळी बसतात. फार तर सव्वादोनशे शब्द. एवढ्यात अख्खं आंदोलन सांगायचं. पोरांनी आणलेल्या मसुद्यात पहिल्या आठ ओळी "पारतंत्र्याच्या अंधारात" वगैरे होत्या. त्या काढल्या. दोघी नाराज झाल्या, पण मी मागे हटलो नाही. बातमीपत्रक आहे, भाषण नव्हे. आधी नाव, गाव, तारीख. जागा उरली तर विशेषण. जागा उरणार नाही.

बुलेटिन कोणत्या दिवशीचं असावं, यावर बराच वेळ गेला. शेवटी ११ सप्टेंबर १९४२ धरलं. कारण सातारा जिल्ह्यापुरतं पाहिलं तर त्या दिवशी एक गोष्ट संपली होती आणि दुसरी अजून सुरू व्हायची होती.

क्रम असा लिहून काढला. ८ ऑगस्टच्या रात्री मुंबईत गवालिया टँक मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव झाला. जवाहरलाल नेहरूंनी मांडला, वल्लभभाईंनी अनुमोदन दिलं. गांधीजी म्हणाले, करेंगे या मरेंगे. आणि आणखी एक गोष्ट म्हणाले, जी मला जास्त मोठी वाटते : या क्षणापासून प्रत्येकाने स्वतःला स्वतंत्र समजावं. पहाट व्हायच्या आत सगळे उचलले गेले. गांधीजींना चिंचवडला गाडीतून उतरवून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेलं, कार्यकारिणीला अहमदनगरच्या किल्ल्यात. त्याच सकाळी अरुणा असफअलींनी गवालिया टँकवर झेंडा फडकावला.

पुढे काय करायचं, हे सांगायला मोठं कुणी बाहेर उरलं नाही. वर्तमानपत्रांवर बंधनं आली, गांधीजींचं 'हरिजन' बंद पाडलं. मग आमच्या भागातल्या माणसांना काय करायचं हे कळलं कसं? हा प्रश्न मला लहानपणापासून आहे. शाळेत नेत्यांची नावं पाठ करून घेतली, पण २४ ऑगस्टला कऱ्हाडच्या कचेरीवर गावोगावची माणसं एकाच दिवशी कशी आली, ते कुणी शिकवलं नाही. निरोप्यांच्या पायांनी आणि असल्या कागदांनी आली. हा प्रकल्प त्यासाठी आहे.

३ सप्टेंबरला तासगाव. कचेरीवर तिरंगा चढला, गोळी चालली नाही. ९ सप्टेंबरला वडूज. परशुराम घार्गे झेंडा घेऊन पुढे होते. गोळीबारात ते आणि आणखी आठ जण, एकूण नऊ हुतात्मे. १० सप्टेंबरला इस्लामपूर. दोघे गेले : किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले अभियंते पंड्या आणि विष्णू बारपटे.

एवढं लिहिलं तेव्हा अठ्ठावीस ओळी भरल्या होत्या.

(आमचं हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यातच होतं. सांगली जिल्हा नंतरचा. पोरांना सांगावं लागलं, म्हणून इथेही लिहून ठेवतो.)

१३ जुलै

पहिली स्टेन्सिल फाटली. दुसरीही.

काय झालं ते नीट लिहितो, पुढे कुणाला उपयोगी पडेल. स्टेन्सिल म्हणजे मेण चढवलेला अतिशय पातळ, तंतूंचा कागद. लेखणीने लिहिलं की मेण हटतं, तंतू राहतात, त्या जागेतून शाई खाली उतरते. म्हणजे अक्षर म्हणजे एक जखमच. आता आपली देवनागरी. आम्ही सवयीप्रमाणे शब्द लिहिला आणि वर सरळ, लांब शिरोरेघ ओढली. चौथ्या ओळीपर्यंत ठीक. पाचव्या ओळीत "इस्लामपूरच्या" शब्दावर रेघ ओढताना कागद रेघेवरच उकलला, डावीकडून उजवीकडे, टाका उसवावा तसा. दुसऱ्या वेळी हात हलका ठेवला, तर अक्षरं उमटण्याइतकी खोल गेली नाहीत, आणि जोर दिल्यावर 'व' आणि 'ठ' यांच्या पोटातला कागद गळून पडला. तिथे आता काळा ठिपका येणार.

मुख्याध्यापक बाजूला बसून बघत होते. म्हणाले, "मी प्रश्नपत्रिकेत शिरोरेघ कधी दिली नाही. अक्षराअक्षरावर तुटक टिंब द्यायचं, बस्स." हे त्यांनी आधी का सांगितलं नाही? विचारलं. म्हणाले, हाताने फाडल्याशिवाय लक्षात राहत नाही.

नऊपैकी सात उरल्या.

१४ जुलै

शिरोरेघ न देता सरावाची एक स्टेन्सिल लिहिली. विचित्र दिसतं, पण वाचता येतं. आणि मजा अशी की कुणाचं अक्षर कुणाचं ते ओळखू येईना. माझी वही रोज बघणाऱ्या बहिणीलाही माझं अक्षर ओळखता आलं नाही. चुकलेल्या अक्षरावर लावायचं लाल द्रावण आता मिळत नाही, तिची नखांची पॉलिश लावली. उत्तम बसते. सुकली की वरून पुन्हा लिहिता येतं.

उरल्या सहा.

२० जुलै

रूळ आला. नवं रबर चढलेलं, मऊ, अंगठा दाबला की खळगा पडून परत वर येतो. आज पहिली छपाई.

छापखान्याची काळी शाई घट्ट असते, जाळीतून उतरत नाही. अळशीचं तेल घालत गेलो. कमी घातलं तर अक्षरं अर्धी, जास्त घातलं तर प्रत्येक अक्षराभोवती पिवळं वलय. अकराव्या प्रयत्नाला जमलं. रूळ एकदाच फिरवायचा, स्वतःकडून पलीकडे, जोर न देता, आणि मागे आणायचा नाही. मागे आणला की स्टेन्सिलला सुरकुती पडते.

बारावा कागद उचलला तेव्हा खोलीत कुणी बोललं नाही. "९ ऑगस्ट" हे शब्द काळे, ओले, थोडे थरथरल्यासारखे. फोनवर टाइप केलेल्या अक्षरापुढे ते ओबडधोबड होते. माझ्या अंगावर काटा आला.

मग चूक. उत्साहात चाळीस प्रती एकावर एक रचल्या. तासाभराने बघतो तर प्रत्येकाच्या पाठीवर वरच्या पानाचा उलटा ठसा. वरून पाऊस, हवेत ओल. वाचनालयाच्या मोठ्या खोलीत दोऱ्या बांधून चिमट्यांनी प्रती टांगल्या. लवकर सुकेनात. तेलाचा आणि शाईचा वास थेट रस्त्याच्या दारापर्यंत.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. बेचाळीसचा ऑगस्ट-सप्टेंबरही पावसाचाच. लपायला एक खोली, तीही दुसऱ्याची. ओले कागद टांगायचे कुठे? वास कसा लपवायचा? शाईने काळी झालेली बोटं घेऊन सकाळी बाजारात कसं जायचं? मी इतकी वर्षं समजत होतो की धोका मजकुरात होता. धोका वासात होता, बोटांत होता, दोरीत होता.

२७ जुलै

आत्याआज्जीकडे गेलो. वय त्र्याण्णव. बेचाळीस साली दहा वर्षांची होती. तिच्याशी या विषयावर घरात कुणी कधी बोललं नव्हतं, कारण ती काही 'चळवळीतली' नव्हती. मी नुसता छापलेला कागद तिच्या हातात दिला. तिने तो नाकाशी धरला.

मग बोलायला लागली. तिची आई शेतावर भाकरी पाठवायची, तिच्या डोक्यावरून. थोरला भाऊ शेतात. भाकरीच्या बुट्टीत तळाला फडकं, फडक्याखाली कागद.

"आई म्हणायची, बुट्टी डोक्यावरनं खाली ठेवायची न्हाई, कुनी बोलीवलं तरी. म्या ठेवली न्हाई. मान मोडायची."

"कागद कसले, माहीत होतं का तुला?"

"मला वाचाय कुठं येत हुतं? पर एकदा भाकरीला काळं लागलं हुतं. अक्षरावानी. दादानं बघितलं. तेवढा तुकडा मोडला आन् खाऊन टाकला. म्या म्हटलं, दादा, काळं हाय ते. त्यो म्हणला, गप्प बस."

मी घरी येऊन हे तसंच लिहून काढलं. वीस तारखेच्या आमच्या चाळीस प्रतींच्या पाठीवर आला होता तोच ठसा. कागद ओलाच निघाला असणार, सुकवायला कुणाला उसंत नव्हती. कुणी छापला, कोणत्या गावात, आज्जीला ठाऊक नाही. तिच्यापर्यंत फक्त बुट्टी आली.

२९ जुलै, नागपंचमी

काम नाही, फक्त वाचन. विदर्भातल्या चिमूरचा उठाव १६ ऑगस्ट १९४२ चा, त्या दिवशीही नागपंचमी होती. त्यानंतर लष्कर आलं आणि गावावर, विशेषतः बायकांवर जे अत्याचार झाले, त्यांची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळींनी ६३ दिवस उपवास केला. त्या उपवासाची बातमी छापायला सरकारने बंदी घातली. माणूस मरणाच्या दारात आणि त्याचं नाव छापायचं नाही. बुलेटिन का लागत होतं, याचं याहून मोठं कारण मला सांगता येणार नाही.

मुंबईत चोरून चालणाऱ्या काँग्रेस रेडिओची गोष्टही पोरांना वाचून दाखवली. तो चालवणाऱ्या उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या. ४२.३४ मीटरवर आवाज, सारखी जागा बदलायची, १२ नोव्हेंबरला पकडले गेले. एका पोराने विचारलं, आपल्याकडे रेडिओ ऐकू येत असेल का? गावात वीजच नव्हती रे. इथपर्यंत यायचा तो कागद.

३ ऑगस्ट

क्रांतिसिंह नाना पाटलांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० चा. आज सव्वाशे वर्षं झाली. सकाळी पोरं फोटोला हार घालून आली आणि दुपारी वाद झाला.

मुद्दा असा. बुलेटिन ११ सप्टेंबरला थांबतं. मग प्रतिसरकार, म्हणजे नाना पाटलांनी आमच्या भागात उभं केलेलं लोकांचं समांतर सरकार, लोकांच्या तोंडी पत्री सरकार, ते येणारच नाही? त्याचं केंद्र कुंडल नाही, त्याचं लढाऊ दल तुफान सेना नाही, शेणोलीला ७ जून १९४३ ला अडवलेली रेल्वेची पगाराची गाडी नाही? आमच्या भागात बेचाळीस म्हटलं की लोकांना तेच आठवतं. एक जण म्हणाला, पत्री सरकार नसेल तर गावात कागद कुणी हातात धरणार नाही.

दुसरी बाजूही होती. एक बाई म्हणाल्या, फितुरांच्या तळपायांवर काठ्या मारायचे, ते गांधीजींच्या आंदोलनात बसतं का? मुलांपुढे ते कसं मांडायचं?

मी माझं मत सांगितलं, ते इथेही नोंदवतो. वडूज आणि इस्लामपूर झालं नसतं तर पुढचं झालं नसतं. झेंडा घेऊन, हात मोकळे ठेवून माणसं कचेरीवर गेली आणि गोळ्या खाऊन परतली. त्यानंतर पोरं फरारी झाली, गावाने त्यांना जेवण घातलं, आणि १९४३ पासून ४६ पर्यंत गावंच्या गावं इंग्रजांच्या कोर्टाकडे न जाता स्वतःच्या न्यायदान मंडळापुढे जाऊ लागली. बिनखर्चाची गांधी विवाहाची पद्धत आली, दारूवर बंदी आली. मारहाण झाली हेही खरं, ते झाकायचं नाही. पण झाकायचं नाही म्हणजे तेवढंच सांगायचं, असंही नव्हे. लोकांनी स्वतःला स्वतंत्र समजून कारभार चालवला, ही त्यातली मोठी गोष्ट आहे, आणि ती गवालिया टँकवर सांगितलेल्याच वाक्यातून आलेली आहे.

तोडगा मुख्याध्यापकांनी काढला. छापील मजकूर ११ सप्टेंबरलाच थांबेल. तळाला एक ओळ : "पुढचे बुलेटिन मिळेल तेव्हा." पत्री सरकारचं स्वतंत्र पान पुढे काढू. सगळ्यांना पटलं.

आणखी एक ओळ मी हट्टाने घालायला लावली : "हे पत्रक २०२५ साली छापले आहे." जुना कागद म्हणून कुणाच्या व्हॉट्सॲपवर फिरायला नको. हुतात्म्यांच्या नावाने खोटा पुरावा तयार करणं मला सहन होणार नाही.

घोषणा मोठ्या अक्षरात हवी, हा पोरांचा आग्रह मात्र यंत्रानेच मोडला. जाड अक्षर कापलं की तुकडाच गळून पडतो. 'करेंगे या मरेंगे' बाकीच्या मजकुराएवढ्याच अक्षरात गेलं.

८ ऑगस्ट, रात्र

साडेसातला सुरुवात. २० तारखेची स्टेन्सिल चाचणीतच गेली होती. आज पूर्ण मजकुराच्या दोन तयार ठेवल्या. एक जण रूळ फिरवतो, एक कागद उचलतो, एक दोरीला लावतो. काम लयीत आलं की कुणी बोलत नाही, फक्त चौकट उघडल्याचा आवाज आणि ओला कागद सुटताना चर्र.

पहिली स्टेन्सिल १७१ प्रतींपर्यंत टिकली. "परशुराम" मधला 'प' आधी भरायला लागला, मग बाजूची कड सुटली. दुसरीवर १४७. एकूण ३१८, त्यातल्या ४१ खराब, हाती २७७ चांगल्या. सव्वाबाराला थांबलो. चार दोऱ्या कमी पडल्या, बाकावर, खिडकीच्या गजांवर, वर्तमानपत्रांच्या दांड्यांवर कागद. सगळ्यांची बोटं काळी.

रॉकेल मिळेना, खोबरेल तेलाने हात धुतले. नखांतलं जात नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

आज राखीपौर्णिमाही. बहिणीने राखी बांधली तेव्हा माझी बोटं बघून हसली, मग तिच्याही बोटांकडे बघून गप्प झाली.

पहाटे पाचला निघालो. दोघे सायकलवर, बाकी पायी. पाऊस भुरभुर. कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले. बेचाळीस साली प्लॅस्टिक नव्हतं, घोंगडं होतं. भाषण करायचं नाही, फोटो काढायचा नाही, दारात कागद द्यायचा आणि पुढे जायचं, एवढंच ठरलं होतं. काही घरांत लोकांनी वर्गणी समजून पैसे आणले. एका दुधाच्या डेअरीवर आठ-दहा जण थांबले आणि एकाने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. शिरोरेघ नसल्यामुळे अडखळत, एकेक अक्षर लावत वाचत होता, आणि त्यामुळेच सगळे नीट ऐकत होते. वडूजच्या ओळीवर त्याने टोपी काढली. कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटची प्रत आत्याआज्जीसाठी ठेवली होती. तिने अक्षरांवरून अंगठा फिरवला, मग अंगठा डोळ्यांजवळ नेऊन बघितला.

"वाळलंय," म्हणाली.

१० ऑगस्ट

रूळ धुऊन पुसून ठेवला, उभा, टेकवून नाही, नाहीतर रबर एका बाजूने बसतं. जाळी साबणाच्या पाण्यात. उरलेल्या स्टेन्सिल तीन, मेणकागदात गुंडाळून कपाटात, उंदरांपासून वर. शाई अर्धा डबा.

पत्री सरकारच्या पानाला सप्टेंबरनंतर हात घालू, ऊन पडल्यावर. त्याआधी नऊही हुतात्म्यांची पूर्ण नावं वडूजच्या स्मारकावर जाऊन, अक्षर न् अक्षर उतरवून आणायची आहेत. मंगळवारी मी आणि मुख्याध्यापक एसटीने जातोय.